गागाच्या पहिल्या कार्यशाळेला जाताना

आपण भरतनाट्यम शिकलेल्या आहात आणि ओहाद नाहारिन यांच्या कार्यशाळेला प्रथमच जात आहात, म्हणून सुरुवातीपुरते मोजकेच सांगते. १९९० मध्ये तेल अवीवच्या बात्शेवा नृत्यसंस्थेचे कलादिग्दर्शक झालेल्या नाहारिन यांच्या ‘गागा’ या हालचालींच्या पद्धतीत आरसा नसतो, त्यामुळे स्वतःचे रूप तपासण्याची आपली जुनी सवय तिथे निरुपयोगी ठरते.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका अशा:

- शिक्षकांची हुबेहूब नक्कल करणे. ते ‘हाडांवरून मांस सैल सोडा’ अशा धाटणीची सूचना देतात. तिचे उत्तर आपल्या शरीरात शोधायचे असते.
- दमल्यावर थांबणे. वर्ग अखंड चालतो, म्हणून थकवा आला तर हालचाल लहान करावी, पण ती सोडू नये.
- उशिरा पोहोचणे. दार बंद झाल्यावर प्रवेश मिळत नाही.

पहिल्या वर्गात माझे गुडघे आपोआप अरैमंडीत, म्हणजे भरतनाट्यमच्या अर्धबैठकीत, वळत होते आणि बोटे मुद्रा धरू पाहत होती. त्याची लाज वाटू देऊ नका. पायांत मोजे असू द्या किंवा अनवाणी जा. संस्थेच्या नृत्यरचनांतील उतारे शिकण्याची घाई मात्र आताच नको. ते पुढे पाहू.