फोन ऐकले, लोक रस्त्यावर आले, मग काय झालं?

प्रश्न: ताई, सरकार लोकांचे फोन ऐकतं असं बाहेर आलं की दोन दिवस टीव्हीवर आरडाओरडा होतो आणि मग सगळं थंड. मोर्चे काढून खरंच काही होतं का? मित्र म्हणतात आपल्याकडे लपवण्यासारखं आहेच काय, ऐकू देत की.
– एक वाचक, सांगली

उत्तर: होतं, पण वेळ लागतो. आग्नेय युरोपातल्या मॅसेडोनियाचं (2019 पासून नाव उत्तर मॅसेडोनिया) सांगते, मदर तेरेसा जन्मल्या ते स्कोप्ये शहर तिथली राजधानी, देश जेमतेम 20 लाखांचा. फेब्रुवारी 2015 मध्ये विरोधी पक्षनेते झोरान झाएव यांनी पत्रकार परिषदांमधून रेकॉर्डिंग ऐकवायला सुरुवात केली, म्हणाले 20 हजारांवर लोकांचे फोन टॅप झालेत, म्हणजे शंभरात एक माणूस! त्यात पत्रकार होते आणि सरकारचे स्वतःचे मंत्रीसुद्धा. पंतप्रधान ग्रुएव्स्की म्हणाले हे सगळं परदेशी हेरांचं काम आहे, आणि गुप्तचर खात्याचा प्रमुख कोण, तर त्यांचाच चुलतभाऊ.

आता बघा, मोठा भडका उडाला तो मे महिन्यात. 2011 साली पोलिसाच्या मारहाणीत एक 22 वर्षांचा मुलगा गेला होता, ते प्रकरण दाबायचा प्रयत्न वरून झाला असा आरोप करत झाएवनी त्याची रेकॉर्डिंग ऐकवली आणि त्याच संध्याकाळी लोक सरकारी इमारतीसमोर जमले. आठवड्याभरात गृहमंत्री आणि गुप्तचर प्रमुख दोघांनी राजीनामा दिला. मग तिथेच तंबू पडले, मॅसेडोनियन आणि अल्बेनियन झेंडे शेजारी शेजारी, एरवी या दोन समाजांत किती तणाव असायचा ते माहीत असेल तर याची किंमत कळेल, मला तरी हे सगळ्यात मोठं वाटतं.

जानेवारी 2016 मध्ये ग्रुएव्स्कींनी पद सोडलं. एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्षांनी या प्रकरणात अडकलेल्या 56 जणांना माफी देऊन टाकली तर लोक परत बाहेर, यावेळी रंग घेऊन, सरकारी इमारती आणि कोट्यवधी उधळून बांधलेले पुतळे रंगवून काढले, शेवटी माफी मागे घ्यावी लागली.

सगळं गोड झालं नाही हेही सांगायला हवं. ग्रुएव्स्की 2018 मध्ये दुसऱ्याच एका केसमध्ये शिक्षा होऊन हंगेरीला पळाले, तिथे आश्रयही मिळाला. तपासासाठी नेमलेल्या विशेष सरकारी वकील बाईच पुढे खंडणीच्या केसमध्ये दोषी ठरल्या, याचं फार वाईट वाटतं.

आणि मित्रांना एक सांगा. तिथे गुप्तचर खात्याला टेलिफोन कंपन्यांच्या यंत्रणेत थेट शिरता यायचं, कोणाचा फोन ऐकला जातोय हे कंपनीलाही कळायचं नाही. म्हणजे बिनलपवाछपवीच्या माणसाचाही फोन कोण ऐकतंय हे विचारायला जागाच नव्हती. युरोपियन युनियनच्या तज्ज्ञांनी 2015 मध्येच हे बंद करा म्हणून सांगितलं होतं, पण खात्याच्या हातातून ते काढून मध्ये वेगळी संस्था उभी राहायला 2018 उजाडलं, तेही सरकार बदलल्यावर.