वाचकांचे प्रश्न : कुरणात रुजणारे द्विदल आणि टिकणारे द्विदल

प्रश्न : गवताच्या कुरणात सिराट्रो, स्टायलो हमाटा आणि दशरथ घास ही तीन द्विदल (शेंगा धरणारी) चारा पिके शेजारी शेजारी पेरली. पहिल्या पावसाळ्यात सिराट्रोने जमीन झाकली. बाकीची दोन शोधावी लागत होती. गुरे चरू लागल्यावर तिसऱ्या वर्षी सिराट्रो दिसेनासा झाला आणि हमाटा पसरला. मग सरस कोणते?

उत्तर : पहिल्या वर्षाच्या हिरवाईवरून निवड करू नका, हे आम्ही आग्रहाने सांगतो. सिराट्रोचे बी टपोरे, रोप जोमदार. म्हणून ते गवतात चटकन रुजते. पण वेल गवतावर चढला की वाढीचे शेंडे गुरांच्या तोंडाशी येतात. सतत चराईत शेंडे जातात, फुलेही जातात. वेल दुबळा होतो आणि त्याची जागा घ्यायला नवे बी पडत नाही. मधूनमधून पुरेशी विश्रांती दिली तरच तो टिकतो.

हमाटाचे रोप सुरुवातीला अगदी नाजूक असते. मात्र त्याचे डोळे (नवे फुटवे निघतात त्या जागा) जमिनीलगत राहतात, आणि कोवळे गवत आहे तोवर गुरे तिकडेच जास्त वळतात. तेवढ्यात हमाटा बी धरतो. त्याचे एकेक झाड अल्पायुषी असते. कुरणात तो टिकतो तो पडलेल्या बियांमुळे. म्हणून फुलोरा ते बी पिकेपर्यंत चराई हलकी ठेवा. दरवर्षी नेमक्या याच काळात कुरण खरडून चारले, तर हमाटाही जाईल. दशरथ घास रुजायला सर्वांत सावकाश, पण एकदा बुंधा जून झाला की तळातून फुटत राहते. पहिल्याच वर्षी ती मोडू नका.

प्रश्न : कोणते किती रुजले आणि टिकले, याची तुलना मोजायची कशी?

उत्तर : बियाण्याच्या किलोवर नको, दाण्यांवर करा. हेक्टरी ५ किलो म्हणजे चौरस मीटरला अर्धा ग्रॅम. १००० दाण्यांचे वजन २.५ ग्रॅम असेल, तर चौरस मीटरला २०० दाणे पडले. त्यांतले उगवणक्षम किती, ते आधी तपासा. उगवणीनंतर सहा आठवड्यांनी अर्धा मीटर बाजूची चौकट किमान २० ठिकाणी ठेवून रोपे मोजा. सरासरीला ४ ने गुणले की चौरस मीटरची संख्या मिळते. जागांना खुंट्या मारा आणि दरवर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीला तिथेच मोजा. जून बुंध्याची झाडे आणि नवी रोपे वेगळी नोंदवा. नुसती बेरीज लिहिली, तर जुनी झाडे जगली की बियांतून नवी आली हे कळणार नाही, आणि चराईत बदल करायचा तो याच माहितीवर.

प्रश्न : स्टायलोचे बी उगवतच नाही. जुने असेल का?

उत्तर : बहुधा बियांचे कवच कठीण आहे, त्यामुळे पाणी आत शिरत नाही. ८० अंश सेल्सियसच्या भरपूर पाण्यात ४ मिनिटे बी बुडवा, मग लगेच गार पाण्यात टाका. पाणी कमी घेतले तर बी पडताच ते निवते आणि कवच तसेच राहते. आधी १०० दाण्यांवर करून पाहा. जिवाणू संवर्धक (मुळांवर गाठी धरून हवेतला नत्र पिकाला देणाऱ्या जिवाणूंचे मिश्रण) बी पूर्ण गार झाल्यावरच, सावलीत चोळा. गरम बियांवर जिवाणू मरतात. पेरणी १ सेंटिमीटरपेक्षा खोल नको. थोडे बी प्रक्रिया न करता मिसळा : पहिल्या सरीनंतर उघडीप पडून रोपे वाळली, तरी ते मागाहून उगवेल.