लहानपणी नात्यातल्या माणसाने केलेल्या लैंगिक अत्याचाराची तक्रार मी आता चोविसाव्या वर्षी करू शकते का?

हो, करू शकता. पॉक्सो म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा. त्यातल्या लैंगिक हल्ल्याच्या गुन्ह्यांना तीन वर्षांहून जास्त शिक्षा होऊ शकते आणि अशा गुन्ह्यांत तक्रारीला मुदतीचं बंधन नसतं. 2018 मध्ये केंद्र सरकारनेही हे स्पष्ट केलं. मात्र प्रकार 14 नोव्हेंबर 2012 च्या आधीचा असेल तर पॉक्सो लागत नाही. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतल्या काही कलमांना मुदत आहे. पोलीस उशिराचं कारण विचारतील. भीती वाटली, घरच्यांनी गप्प बसवलं, जे खरं असेल ते जबाबात तसंच लिहून घ्यायला लावा, वाचून मगच सही करा. एफआयआरची प्रत मोफत मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिलांना वकीलही मोफत मिळतो. पोलिसांकडे जायच्या आधी तिथे बोलून घ्या.