आधी बंधारा बघ, मग पाचट

भावा, हवामानबदलावर गावात बोलणाऱ्या आपल्या गटात आलास ते बरं केलंस. पण लगेच ध्रुवावरच्या बर्फाचे फोटो घेऊन गावात जाऊ नकोस. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यापासून सुरुवात कर, पंचगंगेचं पाणी तिथंच मोजतात. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ आणि २०२१ ला पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं, हे सगळ्यांना आठवतंय. हवा १ अंशानं तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं, म्हणून पडतो तेव्हा धो धो पडतो. मात्र प्रत्येक पुराचं खापर हवामानबदलावर फोडू नकोस. पूररेषेतली बांधकामं, भराव यांचाही हिशेब मांड, नाहीतर जुनी माणसं दारात उभं करायची नाहीत.

झाडं लावायचे कार्यक्रम कर, फोटोपुरते नकोत. माझा जोर मात्र पाचटावर, म्हणजे ऊस तोडल्यावर रानात उरणाऱ्या वाळक्या पाल्यावर. तोड झाली की काडी लावायची नाही. बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचट सरीत दाबायचं, वर थोडा युरिया अन् सुपर फॉस्फेट टाकून पाणी द्यायचं. धूर वाचतो, ओल टिकते. अन् शिवारात जायचं ते तोडीच्या आधी. पेटवून झाल्यावर सांगून काय उपयोग?