इंग्लंडमधलं एकच जुनं कंट्री हाऊस, म्हणजे सरदार-जमीनदारांचं गावाकडचं मोठं घर, बघायचं असेल तर कोणतं, आणि आर्किटेक्चरच्या दृष्टीने तिथे नेमकं काय बघायचं?

तुम्ही लिहिलंय की लंडनहून एक दिवस हाताशी आहे, मनात डार्बीशर परगण्यातलं चॅट्सवर्थ हे प्रसिद्ध घर आहे, आणि आर्किटेक्चर शिकत असल्यामुळे नुसते फोटो काढून परत यायचं नाहीये. मग माझं सरळ उत्तर हार्डविक हॉल. चॅट्सवर्थ सुंदरच आहे, पण तिथे प्रत्येक पिढीने काही ना काही बदललंय, त्यामुळे मूळ काय आणि नंतरचं काय हे वेगळं काढतानाच दिवस जातो. हार्डविक डार्बीशरमध्येच, चेस्टरफील्डजवळ एका टेकाडावर आहे, एम-वन मोटरवेवरूनसुद्धा दिसतं, आणि मुख्य म्हणजे ते 1590 ते 1597 या काळात एका दमात बांधलंय आणि नंतर मालकांचा मुक्काम बहुतेक चॅट्सवर्थलाच राहिल्यामुळे त्याला फारसा कोणी हात लावला नाही. दुर्लक्ष झालं म्हणून वाचलं असं म्हणा हवं तर.

बांधणारी बाई म्हणजे बेस ऑफ हार्डविक, श्रूजबरीची काउंटेस. चार लग्नं झालेली, चौथा नवरा 1590 मध्ये वारला आणि तिच्या हातात भरपूर पैसा आला. गंमत म्हणजे शेजारीच ती तिचं जुनं घर वाढवून बांधत होती, ते काम चालू असतानाच तिने हे नवीन काढलं! वय साठीच्या पुढे. डिझाइन रॉबर्ट स्माइथसनचं असं मानलं जातं, जो मूळचा दगडकाम करणारा गवंडी. दगड टेकडीखालच्या तिच्याच खाणीतला, लाकूड, शिसं, काचसुद्धा बरीचशी तिच्याच मालकीच्या ठिकाणांहून आलेली.

आता खरा मुद्दा. हार्डविकबद्दल सगळे एकच गोष्ट सांगतात, की भिंतीपेक्षा काच जास्त, इंग्रजीत तर त्याची यमक जुळवलेली म्हणच आहे. ते खरंच आहे, पण तुम्ही शिकताय तर हा प्रश्न घेऊन आत जा की एवढी काच लावून त्या काळात घर उभं कसं राहिलं? कारण अशा घरात खोलीखोलीत फायरप्लेस लागते आणि धुराड्याचा रस्ता बाहेरच्या भिंतीत काढला तर तिथे खिडकी बसत नाही आणि भिंतही कमजोर होते. इथे बहुतेक धुराडी आतल्या जाड भिंतींमध्ये घेतली आहेत, त्यामुळे बाहेरची भिंत खिडक्यांसाठी मोकळी मिळाली. मला या घरातली सगळ्यात हुशार गोष्ट हीच वाटते, आणि ती फोटोत दिसतच नाही. अर्थात सिमेट्रीचा हट्ट इतका की काही खिडक्या नुसत्या दिखाऊ आहेत, बाहेरून काच आणि मागे खोलीच नाही. काही लोकांना ही फसवणूक वाटते, मला नाही वाटत, त्या बाईला बाहेरून शिस्त हवी होती आणि तिने ती मिळवली.

दुसरं, समोर उभं राहून खिडक्यांची उंची बघा, वरवर जावं तशी ती वाढत जाते. तळमजल्यावर नोकरचाकर आणि स्वयंपाक, मधल्या मजल्यावर बेस स्वतः राहायची, आणि सगळ्यात वर मानाचे दरबारी दिवाणखाने. म्हणजे कोणत्या मजल्याचा मान किती हे बाहेरूनच वाचता येतं. सहा मनोऱ्यांच्या माथ्यावर दगडात कोरलेली ई आणि एस ही तिची, म्हणजे एलिझाबेथ श्रूजबरीची, आद्याक्षरं (बेस हे एलिझाबेथचंच लाडकं रूप), वर मुकुट. लाजणं वगैरे भानगड नाही.

आत शिरल्यावर थांबा. जुन्या इंग्लिश घरांत मुख्य हॉल, म्हणजे सगळ्यांची मोठी खोली, दर्शनी भिंतीला समांतर असायचा आणि तुम्ही त्याच्या एका टोकाने आत यायचा, त्यामुळे दरवाजा मधोमध येणं अवघड. इथे हॉलच काटकोनात फिरवलाय, दारातून सरळ आत, घराच्या मधोमध. प्लॅनवर बघायला एवढीशी गोष्ट, पण त्यामुळे सगळी सिमेट्री जमली. मग दगडी जिना, तो एका जागी गोल फिरत नाही, घरातून वळणं घेत घेत वर जातो आणि शेवटी हाय ग्रेट चेंबर या सगळ्यात मानाच्या दिवाणखान्यात पोचवतो. तिथे भिंतींच्या वरच्या भागात रंगवलेल्या प्लास्टरचा पट्टा आहे, जंगल, हरणं, शिकारीची देवी डायना, आणि खाली ग्रीक पुराणातल्या युलिसिसच्या गोष्टीच्या टेपेस्ट्री, म्हणजे चित्रं विणलेले भिंतीवरचे मोठे पडदे. या टेपेस्ट्री बेसने 1587 मध्येच घेतल्या होत्या, खोली त्यांच्या मापाने बेतली.

लाँग गॅलरी, म्हणजे वरच्या मजल्यावरचं लांबलचक दालन, जवळजवळ 50 मीटर लांब आहे. तिथल्या बायबलमधल्या गिडियनच्या गोष्टीच्या 13 टेपेस्ट्री तिने 1592 मध्ये सर ख्रिस्तोफर हॅटन या राणी एलिझाबेथच्या दरबाऱ्याच्या वारसांकडून सेकंडहँड घेतल्या, आणि त्यांच्यावर हॅटनचं कुलचिन्ह होतं, ते झाकून स्वतःचं लावावं लागणार म्हणून 5 पाउंड कमी करून घेतले. हॅटनच्या चिन्हातली हरणी होती, तिला शिंगं रंगवून कॅव्हेंडिश घराण्याचा, म्हणजे बेसच्या दुसऱ्या नवऱ्याच्या घराण्याचा, सांबर केला. जवळ जाऊन बघा, खरंच बघण्यासारखं आहे.

एक मात्र आधीच सांगतो, आत खूप अंधार वाटेल. उजेडासाठी बांधलेलं घर आणि पडदे ओढलेले, बऱ्याच लोकांची निराशा होते. पण चारशे वर्षांचं कापड त्याच उजेडाने सडतं. गिडियनच्या संचाच्या जतनाचं काम नॅशनल ट्रस्टने, म्हणजे जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या ब्रिटिश संस्थेने, आळीपाळीने एकेक टेपेस्ट्री घेऊन 24 वर्षं केलं, 2023 मध्ये संपलं. घर ट्रस्टकडे 1959 मध्ये आलं, त्याआधी वारसा कराच्या बदल्यात सरकारजमा झालं होतं. ग्रेड वन लिस्टेड आहे, म्हणजे कायद्याने जपलेल्या वास्तूंच्या यादीत सगळ्यात वरच्या दर्जाचं, इंग्लंडमधल्या सगळ्या लिस्टेड इमारतींपैकी जेमतेम अडीच टक्के या दर्जाच्या, आणि लिस्टिंगमध्ये आतलं बांधकामसुद्धा येतं. त्यामुळे तिथे काही बदलायचं म्हटलं तर परवानगी लागते, आणि मला तरी ते पूर्ण पटतं.

शेजारचं जुनं घर, ओल्ड हॉल, आता पडका आहे पण सोडू नका, छप्पर नसल्यामुळे भिंतींत लटकलेल्या फायरप्लेसेस उघड्या दिसतात आणि मजले कुठे होते ते कळतं. आणि आणखी एका दिवसाची सवड काढता आली तर नॉटिंगहॅममधलं वुलटन हॉल बघा, तेही स्माइथसनचंच, हार्डविकच्या आधीचं. तिथे हॉल घराच्या पोटात आहे आणि उजेड वरच्या उंच खिडक्यांतून घेतलाय, आधी ते मग हे असं बघितलं तर हा माणूस दहा वर्षांत कुठून कुठे आला ते लक्षात येईल.