पुण्यात टेकडीच्या बाजूला पहिलं घर घ्यायचंय, भाग कसा निवडावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एकाचं ऑफिस हिंजवडीला, दुसऱ्याचं कोथरूडला. आई सोबत राहणार आणि त्यांचे गुडघे दुखतात. बजेट एक कोटीच्या आतबाहेर, दोन बेडरूम हवेत, आणि सूस रस्ता, बावधन, नऱ्हे-आंबेगाव यांपैकी काय घ्यावं ते कळत नाही. मी सूस रस्त्याच्या चढावर राहते आणि सोसायटीच्या कमिटीत पाण्याचं खातं माझ्या गळ्यात आहे. त्यामुळे माझं उत्तर पाण्याकडे झुकणार, ते धरूनच वाचा.

पुण्याच्या या कडेला भाग निवडताना मी आधी दोनच गोष्टी बघेन. नळाचं पाणी तिथवर चढतं का, आणि पावसाचं पाणी तिथून कुठे उतरतं. मेट्रो, मॉल, शाळा यांचा नंबर त्यानंतर. क्लब हाउस आणि स्विमिंग पूल तर विचारूच नका. उन्हाळ्यात पूल कोरडा आणि दारात टँकर, अशा सोसायट्या इकडे पुष्कळ आहेत.

खडकवासला धरणाचं पाणी शुद्ध होऊन पंपाने उंचावरच्या टाक्यांत चढतं आणि तिथून उताराने घरोघरी येतं. तुमची इमारत टाकीच्या मानाने किती खाली आहे, त्यावर दाब ठरतो. चढाच्या टोकाशी असलेल्यांचा नंबर शेवटी लागतो. देखभालीसाठी गुरुवारी पाणी बंद ठेवलं की पेपरात ‘शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल’ असं छापून येतं. त्यातलं ‘कमी दाबाने’ सपाटीवरच्या माणसाला जाणवतही नाही. आमच्याकडे वरच्या गल्लीत शनिवार उजाडतो.

म्हणून फ्लॅट बघायला गेलात की सॅम्पल फ्लॅटच्या आधी गेटवर थांबा. वॉचमनच्या टेबलावर टँकरचं रजिस्टर असतं. तारीख, वेळ, गाडी नंबर, सही. एप्रिल-मेची पानं उघडून बघा, मग सेल्सवाल्याचं ‘चोवीस तास पाणी’ ऐका. रजिस्टर दाखवायला नको म्हणाले, तर उत्तर मिळालंच. शक्य झालं तर टँकर येतो तेव्हाच जा. आमच्या चढावर दहा हजार लिटरचा टँकर पहिल्या गिअरमध्ये कण्हत येतो. वळणावर थांबावं लागलं तर क्लीनर आधी उडी मारून मागच्या चाकाखाली दगड सरकवतो, मग ड्रायव्हर ब्रेकवरचा पाय काढतो. ज्या रस्त्यावर टँकरची ही अवस्था, त्या रस्त्यावर स्कूल बस आणि अँब्युलन्सही यायची आहे.

नव्या प्रकल्पात आणखी एक कागद मागा. महापालिकेचं पाणी पुरेसं नसलेल्या भागात, ते मिळेपर्यंत स्वतःच्या खर्चाने पाणी देण्याचं हमीपत्र बिल्डर परवानगी घेताना देतो. ताबा देऊन सोसायटी झाली की हे हमीपत्र कुणाच्या आठवणीत राहत नाही आणि टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये येऊन बसतं. सूस, बावधन बुद्रुक, नऱ्हे ही गावं 2021 मध्ये महापालिकेत आली. पाषाण आणि बावधन खुर्द त्याच्या बऱ्याच आधी, 1997 मध्ये. जाहिरातीत दोन्हीकडे ‘पाषाण-सूस रोड’ लिहिलेलं असतं, पण नळाच्या बाबतीत हद्दीच्या अलीकडे-पलीकडे बराच फरक पडतो. जमिनीचा सर्व्हे नंबर विचारून कुठलं गाव आहे ते बघा.

आता उतरणारं पाणी. पुण्यातले ओढे आठ महिने गटारासारखे दिसतात, म्हणून लोक त्यांना हिशेबात धरत नाहीत. आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरात उगम पावतो आणि कात्रज तलावातून, सहकारनगर-पर्वतीवरून मुठेला मिळतो. पेशवाईत त्याचा प्रवाह वळवला होता, तेव्हा हा ओढा नवा नाही आणि त्याचा त्रासही नवा नाही. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री तो काठच्या वस्त्यांत आणि चांगल्या बंगल्या-सोसायट्यांतही घुसला. कित्येक माणसं गेली, पार्किंगमधल्या गाड्या एकमेकींवर चढल्या. तुमच्या बाजूला तेच काम राम नदी करू शकते. भूगावकडून येऊन बावधन, पाषाणमधून ती मुळेला मिळते. ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणून जे विकतात ते पावसाळ्यात एकदा बघून या. शहराच्या विकास आराखड्याच्या नकाशावर पूररेषा असतात: निळी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला बंदीच आहे. लाल रेषेच्या आत मी स्वतः घेणार नाही, परवानगी असली तरी.

मात्र उंचावर गेलं की पुराची भीती संपली, असंही नाही. तिथे डोंगर कापून सपाटी केलेली असते आणि कापलेल्या भागाला संरक्षक भिंत. 2019 च्या जूनअखेरीस कोंढव्यात सोसायटीची सीमाभिंत शेजारच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळून 15 जण गेले. पाठोपाठ आंबेगावात दुसरी भिंत पडली आणि सहा जण गेले. त्याआधी 2013 च्या जूनमध्ये शिंदेवाडीला, कात्रजच्या पलीकडे, फोडलेल्या डोंगरावरून आलेल्या लोंढ्यात आई आणि लहान मुलगी वाहून गेल्या होत्या.

भिंत कशी बघायची ते सांगते. तिच्यात ओळीने पाइपची भोकं ठेवलेली असतात, मागे साचलेलं पाणी निघून जावं म्हणून. जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी त्यांतून पाणी पाझरताना दिसलं पाहिजे. भोकं कोरडी आणि भिंत मात्र ओली, हिरवी, तर पाणी आतच तुंबलंय. मग बाजूने उभं राहून भिंतीला पोट आलंय का ते बघा. पोट आलेल्या भिंतीला नुकताच गिलावा आणि रंग दिसला तर तिथूनच परत फिरा. आणि भिंतीच्या वर कोणाची जागा आहे, दुरुस्ती कोण करणार, हे चेअरमनना नक्की विचारा. आमच्या शेजारच्या दोन सोसायट्या याच मुद्द्यावर एकमेकींना नोटिसा पाठवतायत, तोवर भिंत बिचारी तशीच उभी.

‘मागे टेकडी आहे मॅडम, कायम मोकळी राहणार’ हे वाक्य तुम्हाला तिन्ही भागांत ऐकायला मिळेल. 1:5 पेक्षा, म्हणजे पाच फुटांमागे एक फूट चढापेक्षा जास्त उताराच्या जमिनीवर नियमाने बांधकाम होत नाही, आणि 1997 ला आलेल्या गावांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं आरक्षण आहे. पण प्रत्येक हिरवा तुकडा आरक्षित नसतो, आणि आरक्षित तुकड्यांवर पत्र्याची शेड उभी राहताना आपण रोज बघतोच. झोन दाखला, म्हणजे जमीन कशासाठी राखलीय ते सांगणारा कागद काढा, फक्त आपल्या नाही, मागच्या सर्व्हे नंबरचाही. टेकडीवर गुंठ्या-गुंठ्याने विकायला काढलेल्या प्लॉटच्या वाटेला तर जाऊच नका, भाव कितीही कमी असो.

आईंच्या गुडघ्यांसाठी नुसती लिफ्ट पुरत नाही. लिफ्ट इमारतीत असते, चढ इमारतीच्या बाहेर. भाजी, मेडिकल, देऊळ, बसस्टॉप हे सगळं खालच्या मुख्य रस्त्यावर आणि सोसायटी वर, असं असेल तर आई घरात अडकून पडतील. भर पावसात रिक्षावाला ‘वर नाही येणार’ म्हणतो तो अनुभव वेगळाच. एक काम करा: पीएमपीच्या स्टॉपवर उतरा, दोन किलो भाजी घ्या आणि गेटपर्यंत चालत जा. तुम्हाला धाप लागली तर त्यांचं काय होईल ते समजेल.

तिन्ही भागांबद्दल माझं मत. नऱ्हे-आंबेगाव तुमच्या बजेटमध्ये सगळ्यात मोठं घर देईल, पण हिंजवडीला जाणाऱ्याचा जीव हायवेवर जाईल. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार तर अपघातांसाठी सगळ्या पुण्याला ठाऊक आहे. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये तिथे एका ट्रकने कितीतरी गाड्या उडवल्या. रोज दुचाकीवर असाल तर मी नको म्हणेन. सूस रस्त्याचं वर सांगितलंच: पाषाणच्या हद्दीतलं, मुख्य रस्त्यापासून फार वर नसलेलं मिळालं तर घ्या. हिंजवडीला बरं पडतं, कोथरूडला मात्र वळसा.

बावधन तुमच्यासाठी मला सगळ्यात योग्य वाटतं. चांदणी चौकाचा नवा पूल 2023 मध्ये झाल्यापासून कोथरूडला जाणं सुसह्य झालंय, वनाज मेट्रो स्टेशन आवाक्यात आहे आणि हायवेने हिंजवडीही. त्यातही नवा टॉवर नको. दहा-पंधरा वर्षं जुन्या, भोगवटा पत्र (इमारत राहायला देण्याची महापालिकेची परवानगी) असलेल्या सोसायटीतला रिसेल फ्लॅट बघा, नदीपासून वर पण टेकडीला न चिकटलेला. जुन्या इमारतीची भिंत, गळती, टँकरचं रजिस्टर सगळं डोळ्यांसमोर असतं, ब्रोशरवर विश्वास ठेवावा लागत नाही.

दोन-तीन फ्लॅट नक्की झाले की टोकन देण्याआधी एक जोराचा पाऊस पडू द्या आणि छत्री घेऊन तिन्ही ठिकाणी जाऊन या. पाडव्याची ऑफर संपतेय म्हणून कोणी घाई केली तर करू द्या, तीच ऑफर दसऱ्याला परत येते.