कमी निगा लागणारा ससा

प्रश्न : आम्ही दोघेही दिवसभर कामावर असतो आणि मुलगी नऊ वर्षांची आहे. फारशी निगा न लागणारा ससा पाळायचा असल्यास कोणती जात निवडावी?

उत्तर : तुमच्यासाठी मी डच जात सुचवेन. साधारण दोन ते अडीच किलो वजनाचा, कपाळावर पांढरा पट्टा असलेला हा ससा बहुधा शांत स्वभावाचा असतो आणि त्याचे केस आखूड असल्यामुळे आठवड्यातून एकदा ब्रश फिरवला तरी पुरते. केस गळण्याच्या दिवसांत मात्र हे काम अधिक वेळा करावे लागते. अंगोरा कितीही देखणा वाटला तरी तो टाळावा, कारण त्याची लोकर वरचेवर विंचरली नाही तर तिच्या गुठळ्या होतात, आणि अंग चाटताना पोटात गेलेले केस सशाला उलटी करून बाहेर टाकता येत नाहीत.

कोणतीही जात निवडली तरी सुके गवत चोवीस तास समोर हवे, कारण सशाचे दात जन्मभर वाढत राहतात आणि गवत चावूनच ते झिजतात. मुलीला ससा उचलायला न लावता जमिनीवर बसून त्याच्याशी खेळू द्यावे. धडपडताना सशाच्या पाठीच्या कण्याला इजा होऊ शकते.